सुपरसेल बघायचा तर उभं कुठे राहायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मे महिन्याच्या शेवटी दहा दिवस हाताशी आहेत, गाडी भाड्याने घेऊन अमेरिकेतल्या ओक्लाहोमा आणि कॅन्ससच्या मैदानांवर सुपरसेल, म्हणजे स्वतःभोवती फिरणारी मोठी वादळं बघायची आणि त्यांचे फोटो काढायचे आहेत. चांगला कॅमेरा आहे, दोन लेन्स आहेत. टॉर्नेडो, म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत उतरणारा वाऱ्याचा भोवरा, दिसला तर हवाच आहे, पण त्याच्या किती जवळ जाणं सुरक्षित, हे कळत नाही.

मी १७ वर्षं दर मे-जूनमध्ये या मैदानांवर असतो. त्या अनुभवावरून सांगतो, "किती जवळ" हे विचारणं सोडून द्या. आधी विचारायचं ते "कोणत्या बाजूला". वादळापासून दहा किलोमीटरवर चुकीच्या बाजूला थांबलेला माणूस पाच किलोमीटरवर योग्य बाजूला थांबलेल्या माणसापेक्षा जास्त धोक्यात असतो. शिवाय त्याला दिसत काहीच नाही, समोर नुसती पावसाची करडी भिंत. जिथून वादळ सगळ्यात सुरेख दिसतं, जवळपास तिथेच उभं राहणं सगळ्यात सुरक्षित असतं, हे मला फार उशिरा उमगलं. कॅमेऱ्याची सेटिंग्ज पुढे सांगतोच, पण जागा चुकली तर त्यांचा काही उपयोग नाही.

जागा कळायला वादळाचा सांगाडा डोक्यात हवा. वसंतात मेक्सिकोच्या आखातावरून दमट, उबदार हवा जमिनीलगत उत्तरेकडे येते. तिच्यावर मेक्सिकोच्या पठारावरून आलेली कोरडी, गरम हवा पसरते आणि पातेल्यावर झाकण ठेवावं तशी खालची दमट हवा दाबून धरते. वेदर बघणारे लोक तिला 'कॅप'च म्हणतात. आणखी वर, रॉकी पर्वत ओलांडून येणारे पश्चिमेचे जोरदार वारे. दुपारभर ऊन खालच्या हवेला तापवत राहतं आणि झाकण कुठेतरी फुटतं. बहुतेक वेळा ते फुटतं ड्रायलाइनवर, म्हणजे पश्चिमेची वाळवंटी हवा आणि पूर्वेची दमट हवा यांच्या सीमेवर. टेक्सासच्या पॅनहँडलमध्ये, म्हणजे राज्याच्या उत्तरेकडच्या चौकोनी भागात, ती रेषा गाडीतून ओलांडली तर काचेतूनही कळते. कोरडं, लांबवर स्वच्छ दिसणारं आकाश मागे राहतं आणि पुढे धुरकट, चिकट हवा लागते. तासाभराच्या प्रवासात दवबिंदू, म्हणजे हवेचा दमटपणा सांगणारं तापमान, ५ अंशांवरून १८ अंशांवर गेलेला मी पाहिलाय.

वर चढणाऱ्या हवेला वेगवेगळ्या उंचीवर वेगवेगळ्या दिशेचा आणि वेगाचा वारा मिळाला, की तो अख्खा झोत स्वतःभोवती फिरायला लागतो. असं फिरतं वादळ म्हणजे सुपरसेल. हे नाव ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञ कीथ ब्राउनिंग यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला दिलं. साधं वादळ तासाभरात स्वतःच्याच पावसाखाली गुदमरून विझतं. सुपरसेलमध्ये हवा एकीकडून वर जाते आणि पाऊस दुसरीकडे पडतो, म्हणून तो तासन् तास जगतो. तुमच्या दृष्टीने महत्त्वाचं हे, की पाऊस कुठे पडणार हे ठरलेलं असतं.

समजा वादळ ईशान्येला सरकतंय, जसं तिकडे बऱ्याचदा होतं. तुम्ही त्याच्या आग्नेयेला उभे राहून वायव्येकडे बघताय. उजव्या हाताला पावसाचा आणि गारांचा पडदा दिसेल. डाव्या हाताला पायऱ्या-पायऱ्यांनी उंच होत जाणारी ढगांची रांग. मधोमध गडद, सपाट, कोरडा तळ, ज्याच्याखाली क्षितिजाची उजळ पट्टी दिसते. हा तळ म्हणजे वर जाणाऱ्या हवेचं तोंड. वॉल क्लाउड, म्हणजे तळाखाली लोंबणारा भिंतीसारखा ढग, इथेच खाली उतरतो आणि टॉर्नेडो झाला तर बहुधा इथेच होतो. वर नजर न्या: फिरणारा मनोरा, त्यावर कुंभाराच्या चाकावर ओल्या मातीला पडाव्यात तशा आडव्या रेघा, त्याच्यावर लोहाराच्या ऐरणीसारखा सपाट पसरलेला ढग, म्हणजे 'ऐरण', आणि ऐरणीच्या माथ्यावर उतू आलेल्या दुधासारखा घुमट. मावळतीचं ऊन मागून येत असल्यामुळे तळ काळा, पट्टी पिवळसर आणि मधे जे काही लोंबतंय ते स्वच्छ रेखाटलेलं दिसतं. पूर्वेकडे आणि दक्षिणेकडे जाणारे रस्ते तुमच्या पाठीशी मोकळे असतात. म्हणून आग्नेय.

याच्या उलट, उत्तरेकडून किंवा ईशान्येकडून त्या तळाकडे जायचं म्हणजे आधी गारांच्या पडद्यातून जाणं आलं. बाहेर पडाल तेव्हा टॉर्नेडोच्या अगदी समोर असाल आणि तो शेवटच्या क्षणापर्यंत दिसणार नाही. हे कधीही करू नका, कितीही घाई असली तरी. गारांची कल्पना यावी म्हणून सांगतो: २३ जुलै २०१० रोजी साउथ डकोटातल्या व्हिव्हियन या गावी पडलेली गार ८ इंच व्यासाची होती, म्हणजे २० सेंटिमीटरची, आणि तिचं वजन जवळपास ९०० ग्रॅम भरलं. ती टोकाची गोष्ट झाली, पण पावणेदोन इंचांची, गोल्फ बॉलएवढी गार मे महिन्यात नवलाईची नसते, आणि समोरची काच निकामी करायला ती पुरेशी होते. भाड्याच्या गाडीच्या करारात गारांचं नुकसान कुणाच्या माथी येतं, ते सही करण्याआधी वाचा.

दिवसाची सुरुवात हवामानाच्या नकाशांनी करा. ओक्लाहोमातल्या नॉर्मन इथलं स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटर रोज अंदाज काढतं आणि दिवसभरात तो अनेकदा सुधारतं. सकाळी आठचा आणि साडेअकराचा अंदाज मला सगळ्यात उपयोगी वाटतो. धोक्याच्या पाच चढत्या पायऱ्या असतात: मार्जिनल, स्लाइट, एनहान्स्ड, मॉडरेट, हाय. नवखे लोक फक्त रंग बघतात आणि गडद रंगाकडे धावतात. माझा अनुभव वेगळा आहे. मॉडरेट आणि हायच्या दिवशी वादळं वेगाने पळतात, एकमेकांत मिसळतात, पावसाने गुरफटलेली असतात आणि रस्त्यांवर गाड्यांची रांग लागते. माझे सगळ्यात आवडते फोटो स्लाइटच्या दिवसांतले आहेत. एकटं वादळ, ताशी तीस-चाळीस किलोमीटरच्या संथ चालीने जाणारं, भोवती सगळं आकाश मोकळं. नकाशाबरोबर इंग्रजीत सविस्तर टिपण असतं ते पूर्ण वाचा. झाकण कधी आणि कुठे फुटेल, वादळं सुटी राहतील की रांगेत जोडली जातील, हे त्यात लिहिलेलं असतं आणि फोटोसाठी तेच हवं असतं.

नॉर्मन, अमरिलो, डॉज सिटी अशा ठिकाणांहून रोज सकाळी सातला वरच्या हवेची मोजमापं घेणारे फुगे सोडतात, त्यांची मोजमापंही सगळ्यांना खुली असतात. दुपारपासून मात्र मी आकडे बाजूला ठेवतो आणि उपग्रहाची चित्रं बघतो. ती दर पाच मिनिटांनी येतात. ड्रायलाइनवर कापसाच्या पुंजक्यांसारखे ढग कुठे दाटू लागलेत, ते तिथे सगळ्यात आधी कळतं. ओक्लाहोमात असाल तर मेसोनेट, म्हणजे राज्यभरातल्या हवामान वेधशाळांचं जाळं, विसरू नका. १९९४ पासून राज्याच्या सगळ्या, म्हणजे ७७ काउंटींमध्ये (जिल्ह्यांमध्ये) त्यांची किमान एकेक वेधशाळा आहे आणि वारा, तापमान, दवबिंदू दर पाच मिनिटांनी मिळतो.

मग वाट बघणं येतं. दुपारी दोन ते पाच. एखाद्या लहान गावाच्या पेट्रोल पंपावर टाकी पूर्ण भरून घ्यायची, चारी बाजूंना जाणारे रस्ते आहेत ना ते बघायचं आणि थांबायचं. ढगांचे मनोरे उभे राहतात आणि दहा मिनिटांत वितळतात, पुन्हा उभे राहतात. या वेळी घाईने जागा बदलत बसणारे लोक संध्याकाळी चुकीच्या गावी सापडतात. एक मनोरा असा येतो, ज्याच्या कडा फुलकोबीसारख्या कडक दिसतात आणि तो वितळत नाही. तो बघितला की निघायचं.

कॅन्ससच्या दक्षिण भागातली एक संध्याकाळ सांगतो. वादळ वायव्येला साधारण पंधरा किलोमीटरवर होतं. मी गव्हाच्या शेताच्या कडेला उभा होतो आणि वारा माझ्या पाठीवरून वादळाकडे वाहत होता. गव्हाच्या ओंब्या सगळ्या एकाच दिशेला, वादळाकडे झुकलेल्या. त्या झोताला मातीचा आणि गवताचा उबदार वास होता. गडगडाट सुटा-सुटा येत नव्हता, लांबवर दगड घरंगळत राहावेत तसा अखंड चालू होता. पाऊण तास असंच. मग वारा थांबला. ओंब्या सरळ झाल्या. अर्ध्या मिनिटाने समोरून गार, ओल्या धुळीच्या वासाचा झोत अंगावर आला आणि ओंब्या उलट्या बाजूला लवल्या. वादळाच्या पोटातली थंड हवा माझ्यापर्यंत पोहोचली होती, म्हणजे आता इथून निघायचं. फोनवरच्या रडारवर ते चार मिनिटांनी दिसलं. पाठीवरचा उबदार वारा आणि तोंडावरचा गार वारा, एवढा फरक तुम्हाला ओळखता आला तर तुम्ही पुष्कळ शिकलात.

रडारबद्दल हे नक्की लक्षात ठेवा. फोनवर दिसणारं चित्र अनेकदा चार ते सहा मिनिटं जुनं असतं, आणि ते जमिनीचं नसतंच. रडारची सगळ्यात खालची किरणशलाका शंभर किलोमीटर अंतरावर जमिनीपासून साधारण दीड किलोमीटर वर असते. तिथला आकडा बघून "तो अजून मैलभर लांब आहे" असं म्हणणाऱ्याने खिडकीबाहेर बघितलेलं नसतं. पॅनहँडलमध्ये आणि नेब्रास्काच्या सँडहिल्समध्ये फोनची रेंजही जाते. कागदी नकाशा आणि वेदर रेडिओ जवळ ठेवा.

टॉर्नेडो आणि जवळीक याबद्दल बोलताना ३१ मे २०१३ चा एल रिनो गावाजवळचा टॉर्नेडो टाळता येत नाही. ओक्लाहोमा सिटीच्या पश्चिमेला झालेला तो टॉर्नेडो २.६ मैल, म्हणजे चार किलोमीटरहून रुंद झाला. नोंदींमधला सगळ्यात रुंद. तो काही मिनिटांत पसरला, वळला, वेग बदलला आणि पावसात लपला. टिम समारास, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग त्यात गेले. समारास हे उपकरणं घेऊन टॉर्नेडोच्या वाटेत काम करणारे अत्यंत सावध संशोधक होते. २४ जून २००३ रोजी साउथ डकोटातल्या मँचेस्टरला त्यांच्या उपकरणाने टॉर्नेडोच्या पोटातली हवेच्या दाबाची १०० मिलिबारची घसरण नोंदवली होती. इतक्या जाणत्या माणसाला जे टाळता आलं नाही, ते आपल्याला टाळता येईल असं धरून चालणं चूक आहे. त्या दिवशी वादळ ज्या झपाट्याने रुंद झालं, त्याच्यापुढे टिकेल असं एकच साधन आहे, अंतर. तुम्ही पहिल्या वर्षी पाच मैलांच्या आत जाऊ नका असं मी सांगेन. टॉर्नेडो डावीकडे किंवा उजवीकडे सरकताना दिसत नसेल आणि नुसता मोठा होत असेल, तर तो तुमच्याकडे येतोय. कॅमेरा उचलायचा आणि त्याच्या वाटेपासून काटकोनात, बहुधा दक्षिणेकडे, निघायचं. पुलाखाली आसरा कधीच घेऊ नका. तिथे वारा अरुंद जागेतून आणखी जोरात घुसतो आणि उडणारं सामान तिथेच आदळतं. ३ मे १९९९ रोजी ओक्लाहोमात अशा पुलांखाली माणसं दगावली आहेत.

एवढं सांगूनही माझ्या मते सगळ्यात मोठा धोका रस्त्याचा आहे. २८ मार्च २०१७ रोजी टेक्सासमधल्या स्पर गावाजवळ वादळाचा पाठलाग करणाऱ्या दोन गाड्या चौकात धडकल्या आणि तिघे गेले. २९ एप्रिल २०२२ रोजी ओक्लाहोमा विद्यापीठातले हवामानशास्त्राचे तीन विद्यार्थी वादळ बघून परत येत होते. ओल्या रस्त्यावर गाडी घसरली आणि ट्रकची धडक बसली. दोन्ही वेळा जीव वाऱ्याने घेतला नाही. म्हणून एकट्याने येऊ नका. एकाने गाडी चालवायची, दुसऱ्याने आकाश आणि नकाशा बघायचा, आणि चालवणाऱ्याने आकाशाकडे बघायचंच नाही. थांबायचं तर गाडी पूर्ण रस्त्याबाहेर, चढाच्या माथ्यावर नाही, शेताच्या फाटकासमोर तर मुळीच नाही. तिथल्या शेतकऱ्याला त्याच वेळी गुरं हलवायची असतात. दिवसाला सातशे-आठशे किलोमीटर होतात, तेव्हा रात्री दोनपर्यंत चालवत राहण्यापेक्षा जवळच्या गावी मुक्काम करा.

तिथले रस्ते मैला-मैलावर काटकोनात छेदणारे आहेत, जमिनीच्या जुन्या मोजणीप्रमाणे आखलेले. नकाशावर बुद्धिबळाचा पट दिसतो आणि वाटतं, कुठूनही निघता येईल. तसं नाही. काही डांबरी, काही खडीचे आणि काही नुसत्या मातीचे. एका जूनमध्ये नेब्रास्काच्या पश्चिमेला मी नकाशावरची सरळ रेघ बघून दक्षिणेकडे वळलो. सहाशे मीटरवर खडी संपली. दहा मिनिटांपूर्वी सर पडून गेली होती आणि चिकणमाती साबणासारखी झाली होती. गाडी आडवी होऊन चरात गेली. वादळ माझ्या उत्तरेकडून निघून गेलं म्हणून मी आज हे लिहितोय. ते दक्षिणेकडे वळलं असतं तर मला पायी पळावं लागलं असतं. तेव्हापासून डांबरी रस्ता सोडायचा नाही, आणि खडीवर जायचंच असेल तर तो पुढे कुठे डांबराला मिळतो हे कोरड्यात आधी बघून ठेवायचं. नद्यांचंही तेच. रेड रिव्हर आणि कॅनेडियन नदी यांच्यावर पूल लांब-लांब आहेत. वादळ नदी ओलांडणार असेल तर तुम्ही त्याच्या आधी ओलांडा, नाहीतर त्या वादळाचा नाद सोडा.

आता विजेबद्दल. टॉर्नेडो दिसेल न दिसेल, वीज रोज डोक्यावर असणार आहे. ती पावसाच्या पंधरा-सोळा किलोमीटर बाहेरही, ऐरणीखालच्या कोरड्या जागी पडू शकते. उघड्या मैदानावर ट्रायपॉडशेजारी उभा असलेला माणूस त्या परिसरातली सगळ्यात उंच गोष्ट असतो. प्रकाश आणि आवाज यांच्यातले सेकंद मोजून तीनने भागा, किलोमीटर मिळतात. पण मी त्या हिशेबावर जीव सोपवत नाही. गडगडाट ऐकू येतो आणि आसपास जमिनीवर विजा पडतायत, तर कॅमेरा ट्रायपॉडवर बाहेर, मी गाडीत, काचा वर आणि शटरचा रिमोट हातात. गाडी सुरक्षित असते ती तिच्या धातूच्या सांगाड्यामुळे, टायरच्या रबरामुळे नाही. उघड्या छताची गाडी घेऊ नका.

फोटोचं बोलू. तुमच्या दोन लेन्सपैकी एक १६ ते ३५ मिलिमीटरच्या आसपासची असेल तर काम झालं. नवखा माणूस टॉर्नेडोवर झूम करतो आणि घरी आल्यावर त्याच्याकडे करड्या पार्श्वभूमीवर एक करडी सोंड असते, कुठलीही. अख्खा फिरता मनोरा जमिनीपासून ऐरणीपर्यंत चौकटीत बसवायला पंधरा ते पंचवीस किलोमीटर मागे यावं लागतं. मघाशी म्हटलं ते इथे पुन्हा येतं, जे अंतर सुरक्षित तेच अंतर सुंदर. पुढे काहीतरी हवं, धान्याचा उंच कोठा, पवनचक्की, कुंपण, वळत गेलेला रस्ता. त्याशिवाय ढगाचा आकार बघणाऱ्याला कळत नाही. ही जागा वादळ येण्याआधी हेरून ठेवायची.

एक्सपोजर क्षितिजाच्या उजळ पट्टीवर ठरवा. ती पांढरी फटक झाली की परत येत नाही, काळ्या तळातलं मात्र रॉ फाइलमधून बरंच बाहेर काढता येतं. आयएसओ १०० ते २००, अ‍ॅपर्चर एफ ५.६ ते ८. ट्रायपॉडवर असाल तर शटर सेकंदाच्या साठाव्या भागापर्यंत चालतं. हातात धरून काढत असाल तर अडीचशेव्या भागाच्या खाली जाऊ नका, कारण वादळाकडे ओढला जाणारा वारा तुम्हालाही हलवत असतो. फोकस लांबच्या दिव्यावर किंवा खांबावर एकदा जुळवून मॅन्युअल करा. करड्या ढगावर ऑटोफोकस भरकटतो आणि नेमका तेव्हाच भरकटतो. टाइमलॅप्स जरूर करा. दर तीन सेकंदांना एक फोटो, सगळी सेटिंग्ज मॅन्युअल. दहा मिनिटांत दोनशे फोटो होतात, चित्रपटाच्या वेगाने आठ सेकंद. डोळ्यांना स्थिर वाटणारा ढग त्यात गिरणीच्या जात्यासारखा फिरताना दिसतो आणि वादळाची रचना तुम्हाला कुठल्याही आकृतीपेक्षा चांगली समजते.

एक बारीक गोष्ट, जिने माझी पहिली दोन वर्षं खाल्ली. बाहेर दवबिंदू २० अंश, गाडीत एसी जोरात. थंडगार लेन्स बाहेर काढली की क्षणात तिच्यावर वाफ धरते. पुसली की पुन्हा धरते. ती निवळायला दहा मिनिटं लागतात आणि वादळ दहा मिनिटं थांबत नाही. एसी कमी ठेवा, कॅमेऱ्याची बॅग एसीच्या झोतापासून लांब ठेवा आणि पोहोचण्याआधी पंधरा मिनिटं खिडक्या उघडा. खिशात दोन कोरडी मऊ फडकी हवीतच.

विजेच्या फोटोत एक तत्त्व समजलं की बाकी जमतं. वीज स्वतः इतकी क्षणिक असते, की तिचा उजळपणा अ‍ॅपर्चर आणि आयएसओ ठरवतात. शटर किती वेळ उघडं, यावर फक्त भोवतालचं आकाश आणि जमीन किती उजळ येणार ते ठरतं. रात्री वीज दहा किलोमीटरच्या आत असेल तर आयएसओ २००, एफ ८. लांब असेल तर आयएसओ ४००, एफ ४ ते ५.६. शटर दहा ते वीस सेकंद, एकामागून एक, न थांबता. व्हाइट बॅलन्स चार हजार केल्विनच्या आसपास पक्का करा, म्हणजे जांभळट छटा दर फोटोत बदलत नाही. दिवसा शटर इतका वेळ उघडं ठेवता येत नाही, तेव्हा लाइटनिंग ट्रिगर लावा. तो पहिल्या लखलखाटावर शटर उघडतो. एकाच विजेत बहुधा तीन-चार झटके एकाच वाटेने जातात, म्हणून उशिरा उघडलेल्या शटरलाही पुढचा झटका सापडतो. शटर आठव्या ते पंधराव्या भागाचं ठेवा. माझी आवडती वेळ मात्र संधिप्रकाशाची. पाच सेकंदांत आकाशाची निळाईही येते आणि वीजही.

रंगांबद्दल एक विनंती आहे. वादळाच्या पोटात कधीकधी खरोखर हिरवट-निळा प्रकाश दिसतो. मावळतीचा तांबूस प्रकाश पाण्याने आणि बर्फाने गच्च भरलेल्या जाड ढगातून येतो तेव्हा तसं होतं. त्याचा अर्थ ढग फार खोल आहे एवढाच, टॉर्नेडो येणारच असा नाही. जो रंग दिसला तोच ठेवा. संगणकावर रंग आणि कॉन्ट्रास्ट ओढून ताणून केलेले वादळाचे फोटो बघून लोकांना खरं आकाश ओळखता येईनासं होतं. त्या आकाशाखाली राहणाऱ्यांसाठी ही बारीक गोष्ट नाही.

त्या माणसांचं आणखी एक. येण्याआधी नॅशनल वेदर सर्व्हिसचं, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी हवामान खात्याचं, स्कायवॉर्न प्रशिक्षण घ्या, ते मोफत आहे. वॉच म्हणजे परिस्थिती तयार आहे आणि वॉर्निंग म्हणजे वादळ आहे किंवा येऊन ठेपलंय, इथपासून ते खरा वॉल क्लाउड आणि नुसता लोंबणारा ढगाचा तुकडा यातला फरक कसा ओळखायचा, इथपर्यंत शिकवतात. नीट पाहून दिलेली माहिती उपयोगी पडते. २४ मे १९७३ रोजी ओक्लाहोमातल्या युनियन सिटीचा टॉर्नेडो संशोधकांनी मैदानात उभं राहून टिपला आणि डॉप्लर रडारवरही पाहिला. आजच्या इशाऱ्यांचा पाया त्या जुळणीत आहे. तुमच्यासमोर टॉर्नेडो घरांवर गेला तर ९११ या आणीबाणीच्या नंबरला कळवा, कॅमेरा पिशवीत ठेवा आणि मदतीला जा किंवा मदतीच्या गाड्यांना रस्ता मोकळा करून द्या.

अंधार पडायच्या आधी पाठलाग थांबवा. पण झोपायला जाऊ नका. वादळ पूर्वेकडे सरकून जातं आणि तुम्ही त्याच्या मागे, पश्चिमेला असता. सूर्य बुडताना तेच वादळ आता समोरून उजळतं, आधी पांढरं, मग केशरी, मग गुलाबी, आणि ऐरणीखाली लोंबणाऱ्या पिशव्यांसारख्या ढगांवर तो प्रकाश खालून चढतो. दिवसातला सगळ्यात शांत आणि बहुतेकांचा हुकणारा प्रकाश हाच. रात्री अनेक वादळं मिळून मोठा समूह झाला, की त्याच्या पिछाडीला विजा ढगाच्या तळाखालून झाडाच्या फांद्यांसारख्या सरपटत जातात, सावकाश, डोळ्यांनी पाठलाग करता येईल अशा. यातल्या काही किती लांब जातात याचा अंदाज डोळ्यांना येत नाही. २२ ऑक्टोबर २०१७ रोजी टेक्सासच्या पूर्व भागापासून कॅन्सस सिटीच्या जवळपर्यंत गेलेली एक वीज ८२९ किलोमीटर लांब होती. उपग्रहाने ती मोजली. यांच्यासाठी सगळ्यात रुंद लेन्स, कॅमेरा वर तिरका, आणि तुम्ही गाडीत.

दहा दिवसांत टॉर्नेडो दिसेल याची हमी नाही. बहुतेक सुपरसेल टॉर्नेडो करतच नाहीत. फिरतं वादळ मात्र दिसायची चांगली शक्यता आहे, जर तुम्ही एका राज्याला चिकटून बसला नाहीत तर. सुरुवात ओक्लाहोमा सिटी किंवा विचिटाहून करा. वरचे वारे मंदावले आणि अंदाजाचा नकाशा दोन-तीन दिवस कोरा दिसला, तर कोलोराडोच्या पूर्व मैदानाकडे, लायमनच्या बाजूला जा. तिथे जमीनच दीड हजार मीटरहून उंच आहे. आग्नेयेचा दमट वारा त्या चढावर ढकलला जातो, आणि बाकी मैदान शांत असताना तिथे दुपारी एखादं एकटं, कमी पावसाचं, वरपासून खालपर्यंत उघडं वादळ उभं राहतं. तेव्हा त्याच्या आग्नेयेला, डांबरी रस्त्यावर, टाकी भरून थांबा.